तहानेचा हिशोब : डायलिसिस, मीठ आणि मोबाइल

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये एखादं 'पाणी प्या' म्हणणारं ॲप असेल. दर तासाला टिंग वाजतं, निळा ग्लास भरत जातो, आठ ग्लास झाले की शाबासकी मिळते. आजचा भाग अशा माणसांबद्दल आहे ज्यांना हेच ॲप उलटं चालवावं लागतं. ग्लास भरला की शाबासकी नाही, धोक्याची घंटा. म्हणजे हिमोडायलिसिसवर असलेले लोक.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पण गेल्या वर्षी घरच्या एका माणसासाठी असं ॲप बनवायचं ठरलं. सवयीप्रमाणे कोड लिहायच्या आधी 'हे आधी कोणी केलंय का' म्हणून शोधायला बसलो, तर हातात ऐंशी वर्षांचा इतिहास आला. आणि त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली: जे मोजायला सोपं, ते मोजलं गेलं. जे खरं कारण होतं, ते मागे राहिलं. पाणी मोजायला सोपं असतं. मीठ नसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात पाठवतात. लघवी म्हणून बाहेर पडतं ते फक्त दीड-दोन लिटर. किडनी निकामी झाली की हा दरवाजाच बंद होतो. डायलिसिस सुरू झाल्यावर काही महिन्यांत, वर्षांत, बऱ्याच जणांची लघवी जवळपास थांबते. मग तुम्ही प्यालेलं पाणी, खाल्लेली आमटी, कलिंगड, ताक, सगळं आतच. थोडंफार घामावाटे, श्वासावाटे जातं. बाकीचं पायावर सूज म्हणून, फुप्फुसात पाणी म्हणून आणि रोज सकाळी वजनकाट्यावर आकडा म्हणून दिसतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. इतका सरळ हिशोब शरीरशास्त्रात फार कमी ठिकाणी सापडतो.

आता इतिहासाकडे.

'डायलिसिस' हा शब्द थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये रूढ केला. पातळ पडद्यातून लहान कण पलीकडे जातात, मोठे अडकतात, एवढाच त्याचा मुद्दा. माणसाचा जीव वाचवायला तो वापरता यायला आणखी ८४ वर्षं गेली. विलेम कोल्फ नावाचा तरुण डच डॉक्टर नेदरलँड्समधल्या कांपेन गावात काम करत होता. दुसरं महायुद्ध चालू, देश जर्मनांच्या ताब्यात, सामान मिळायची मारामार. त्याने सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या घेतल्या, लाकडी पट्ट्यांच्या मोठ्या पिंपाभोवती गुंडाळल्या, गावातल्या एनॅमलच्या कारखान्यातून टब बनवून घेतला आणि रक्त त्या नळ्यांतून फिरवत ते पिंप मिठाच्या पाण्यात गोल गोल फिरवलं. ही १९४३ ची गोष्ट. पहिले पंधरा-सोळा पेशंट वाचले नाहीत. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. गंमत म्हणजे ती नाझींच्या बाजूची म्हणून युद्धानंतर तुरुंगात होती आणि गावात अनेकांना ती वाचल्याचा फारसा आनंद नव्हता. कोल्फने पेशंट पाहिला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने कोल्फच्या मशीनमध्ये एक मोठी उणीव होती. ते रक्तातला युरिया काढायचं, पाणी नीट काढायचं नाही. उघड्या टबातल्या नळ्यांवर दाब आणणार कसा? ते काम स्वीडनमधल्या लुंड शहरात निल्स आल्वाल याने केलं. त्याने सेलोफेनची नळी धातूच्या दोन नळकांड्यांच्या मधे बसवली आणि सगळं बंद डब्यात ठेवलं. डबा बंद म्हटल्यावर बाहेरून दाब कमी करता येतो. दाब कमी केला की रक्तातलं पाणी पडद्यातून ओढलं जातं. १९४६ मध्ये त्याने हे पेशंटवर वापरलं. याला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. आज कुठल्याही डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन 'आज यूएफ किती लावायचा?' असं विचारतो, तो यूएफ म्हणजे हाच. आज किती पाणी ओढायचं?

इथे एक प्रश्न जन्माला आला, जो आजही सुटलेला नाही. पाणी काढता येतं, पण किती वेगाने काढायचं? आणि मुळात ते साठलं कशामुळे?

पुढचा मुक्काम अमेरिकेतलं सिॲटल, ९ मार्च १९६०. तोपर्यंत डायलिसिस हा तात्पुरता उपाय होता. दर वेळी शीर आणि धमनी कापून नळी घालायची, थोड्याच दिवसांत कापायला जागाच उरायची नाही. बेल्डिंग स्क्रिब्नर आणि इंजिनिअर वेन क्विंटन यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवायची युक्ती काढली. (हो, तव्यावरचं टेफ्लॉन. त्याला काही चिकटत नाही, रक्तही नाही.) पहिला पेशंट होता क्लाइड शील्ड्स, बोइंगमध्ये काम करणारा ३९ वर्षांचा मशिनिस्ट. तो पुढे ११ वर्षं जगला. किडनी गेलेला माणूस ११ वर्षं जगतो, ही त्या काळी विज्ञानकथा वाटावी अशी गोष्ट होती.

या गोष्टीतला टेफ्लॉनचा भाग सगळे सांगतात. अनेकांना नकार देणाऱ्या कमिटीची गोष्टही सांगतात: मशीन मोजकी, पेशंट अनेक, म्हणून कोणाला मशीन द्यायचं हे ठरवायला सामान्य नागरिकांची समिती, आणि त्यावर १९६२ मध्ये 'लाइफ' मासिकात आलेला शाना अलेक्झांडर यांचा गाजलेला लेख. त्यावर एक वेगळा भाग करता येईल. मला यातली तिसरी, कमी सांगितली जाणारी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शील्ड्सचा रक्तदाब भयानक वाढलेला होता. आजच्यासारख्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. स्क्रिब्नरच्या टीमने तो दोनच गोष्टींनी आटोक्यात आणला: मशीनने जादा पाणी काढणं आणि जेवणातलं मीठ कमी करणं. दोन्ही मिळून. म्हणजे नियमित डायलिसिसच्या अगदी पहिल्या पेशंटपासून डॉक्टरांना माहीत होतं की पाण्याची किल्ली मिठात आहे.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. लंडनमध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलात स्टॅन्ली शॅल्डन पेशंटना स्वतःचं डायलिसिस स्वतः लावायला शिकवत होता. सिॲटलमध्ये १९६४ साली एक शाळकरी मुलगी कमिटीच्या निकषात बसेना. तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठातले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक अल्बर्ट बॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिन्यांत घरी चालेल असं मशीन उभं केलं. रात्री मुलगी झोपलेली असताना काही बिघडलं तर मशीनने स्वतःच थांबून अलार्म द्यायचा. घरच्यांनी ते चालवलं. आपण आज 'सेल्फ मॅनेजमेंट' म्हणून जे म्हणतो त्याची सुरुवात ॲपने झालेली नाही. वजन करणं, रक्तदाब वहीत लिहिणं, मीठ तोलणं, मशीन धुणं हे सगळं १९६० च्या दशकात घराघरात लोक करत होते. वही आणि पेन्सिल हेच त्यांचं डिव्हाइस.

मग बिघडलं कुठे?

सुरुवातीला डायलिसिस लांबलचक असायचं, आठ-दहा तास, रात्रभर. पेशंट वाढले, पैसे मर्यादित, खुर्च्या मोजक्या. मशीन आणि फिल्टर सुधारले, तसा वेळ कमी होत गेला. आता प्रश्न आला: किती वेळ पुरेसा? अमेरिकेत यावर एक मोठा अभ्यास झाला, १९८१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि १९८५ मध्ये फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी त्यातून एक सूत्र पुढे आणलं. केटी बाय व्ही. किती युरिया निघाला याचं ते माप. रक्ताचे दोन नमुने घ्या, सूत्रात घाला, आकडा आला की डायलिसिस 'पुरेसं'. सूत्र चुकीचं नाही. पण युरिया लहान कण आहे, चार तासांत भराभर निघतो. पाणी आणि मीठ तसं नाही. ते आधी पेशींच्या आजूबाजूच्या जागेतून रक्तात यावं लागतं आणि मग रक्तातून मशीनमध्ये. त्याला वेळच लागतो. ज्या आकड्यावर रिपोर्ट लिहिला जातो त्याच आकड्याकडे सगळे बघतात, हे कुठल्याही आयटी कंपनीत काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चार तासांत तीन-चार लिटर ओढायचं म्हणजे रक्तदाब पडणार, पायात गोळे येणार. मग त्यावर उपाय म्हणून डायलिसिसच्या पाण्यातलंच सोडियम वाढवायची पद्धत अनेक ठिकाणी आली. पेशंटला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. गोळे कमी. पण तो घरी जायचा ते मशीनकडून मीठ घेऊन. संध्याकाळी घसा कोरडा. पाणी प्यायचा, वजन वाढायचं, पुढच्या वेळी अजून जास्त ओढायला लागायचं. आणि डॉक्टर म्हणायचे, 'काका, पाण्यावर कंट्रोल नाही तुमचा.' मला हा सगळ्या इतिहासातला सर्वात अन्यायाचा भाग वाटतो.

एक गाव मात्र जुन्या वाटेवर राहिलं. फ्रान्समध्ये लिओंजवळ तासँ. तिथे बर्नार शारा आणि सहकारी आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी आठ तास डायलिसिस करत राहिले आणि जेवणात मीठ कमी ठेवत राहिले. १९९२ मध्ये त्यांनी आकडे छापले: दहा वर्षांनी ७५ टक्के पेशंट हयात. रक्तदाबाच्या गोळ्या फार थोड्यांनाच लागत होत्या. त्यांच्याकडे मधुमेही पेशंट कमी होते, वयही तुलनेने कमी, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही, हे खरं. पण मिठाचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. २००१ मध्ये चार्ल्स टॉम्सन या ब्रिटिश डॉक्टरने तर एका लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकलं की मीठ कमी न करता नुसतं पाणी कमी करायला सांगणं याला पुरावा नाही आणि तो वेळेचा अपव्यय आहे. वैद्यकीय मासिकात इतकं रोखठोक शीर्षक क्वचित असतं.

आता याचं गणित करू. कागद-पेन घ्या, किंवा ड्रायव्हिंग करत असाल तर नुसतं ऐका.

सलाईनची बाटली सगळ्यांनी पाहिली आहे. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताचा खारेपणा साधारण तेवढाच. शरीर हा खारेपणा हट्टाने सांभाळतं. लघवी होत नसलेल्या माणसाने ९ ग्रॅम मीठ खाल्लं की शरीर म्हणतं, आता मला एक लिटर पाणी द्या. ही मागणी म्हणजे तहान. ती मनाच्या निग्रहाने थांबवायची म्हणजे श्वास रोखून धरण्यासारखं आहे. थोडा वेळ जमतं.

दुसरी बाजू, मशीनची. २०११ मध्ये जेनिफर फ्लाइद आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की दर किलो वजनामागे तासाला १३ मिलीपेक्षा जास्त वेगाने पाणी काढलं जातं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त असतं. हे निरीक्षण आहे, कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही, पण वेगाने पाणी ओढताना हृदयाला रक्त कमी पडतं हे वेगळ्या अभ्यासांतही दिसलंय. हा एक रेट लिमिट आहे असं समजा.

आता माझी मावशी. ती बार्शीहून सोलापूरला डायलिसिसला जाते, सोमवारी आणि गुरुवारी. आठवड्यातून दोनदाच. जगभरात साधारण तीनदा करतात, आपल्याकडे खर्च, प्रवास आणि सोबत कोण येणार या प्रश्नांमुळे दोनदावर भागवणारे पुष्कळ आहेत. सरकारी योजना आहेत, राज्यात महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. पण एसटीचा प्रवास आणि बुडालेला दिवस कुठल्या योजनेत बसत नाही.

मावशीचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५२ किलो. ५२ गुणिले १३ म्हणजे तासाला ६७६ मिली. चार तासांत साधारण २.७ लिटर. त्या मर्यादेत राहून मशीन एवढंच काढू शकतं. गुरुवार ते सोमवार चार दिवसांचं अंतर. रोज १० ग्रॅम मीठ पोटात गेलं, तर चार दिवसांत ४० ग्रॅम, म्हणजे जवळपास साडेचार लिटरची तहान. मर्यादेच्या कितीतरी बाहेर. रोज ५ ग्रॅम गेलं, तर सव्वादोन लिटर. मर्यादेच्या आत. पाण्याचा एकही ग्लास न मोजता. (प्रत्यक्षात घाम, श्वास, हवामान यांनी आकडे थोडे हलतात. दिशा हलत नाही.) पाच ग्रॅम म्हणजे एक सपाट चमचा, आणि जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही याहून कमीच खा म्हणते.

अंतराचा प्रश्नही हलका नाही. २०११ मध्येच रॉबर्ट फोली यांचा अमेरिकेतला अभ्यास आला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करणाऱ्यांमध्येही शनिवार-रविवारसारखी दोन दिवसांची मोठी सुट्टी मधे आली की त्यानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने ॲडमिट होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तिथे सगळ्यात मोठं अंतर शुक्रवार ते सोमवार एवढं. मावशीचं त्याहून एक दिवसाने जास्त, तेही दर आठवड्याला.

आता येऊ मोबाइलकडे. स्मार्टफोन यायच्या आधीच हा प्रयत्न सुरू झाला होता. इंडियाना विद्यापीठात केटी सिएक, के कॉनेली आणि नर्सिंगच्या प्राध्यापक जॅनेट वेल्श यांनी २००६ च्या सुमारास डायलिसिस पेशंटना पीडीए दिले. पीडीए म्हणजे काडीने टोचून चालवायचे ते छोटे डिजिटल डायरीसारखे यंत्र, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेही नसतील. मला त्यांची सुरुवात आवडते, कारण त्यांनी आधी विचारलं: ज्याला वाचायला त्रास होतो, ज्याला गणित जमत नाही, तो खाल्लेलं कसं नोंदवेल? मग पाकिटावरचा बारकोड स्कॅन करून बघितला, आवाजात बोलून नोंद करून बघितली, चित्रांचे बटण केले. त्यातून पाणी आणि सोडियम दोन्हीची चालू बेरीज दाखवणारं ॲप बनलं आणि २०१३ मध्ये त्याच्या छोट्या चाचणीचा अहवाल आला.

मग मोठी चाचणी. मेरी ॲन सेव्हिक यांच्या टीमने पीडीएवर जेवण नोंदवणं आणि सोबत समुपदेशन असा १६ आठवड्यांचा कार्यक्रम डायलिसिस पेशंटसाठी केला. उद्दिष्ट मीठ कमी करण्याचंच होतं, म्हणजे दिशा बरोबर. निकाल २०१६ मध्ये आला: दोन डायलिसिसच्या मधे वाढणाऱ्या वजनात कार्यक्रमाचा फरक पडला नाही. शून्य.

आमच्या क्षेत्रातले लोक असा निकाल आला की म्हणतात, यूआय सुधारा, नोटिफिकेशन वाढवा, स्ट्रीक लावा. मला वाटतं प्रश्न वेगळा आहे. रोज तीन वेळा खाल्लेला प्रत्येक पदार्थ नोंदवणं हे काम आहे, आणि ते आजारी माणसावर टाकलेलं काम आहे. आठवड्यातले दोन-तीन दिवस आधीच मशीनला दिलेले असताना. शिवाय नोंद केली म्हणून मीठ कमी होत नाही. स्वयंपाक कोण करतं, पगार किती, बाहेर काय मिळतं, डायलिसिसच्या पाण्यात सोडियम किती लावलंय, यातलं काहीच ॲपच्या ताब्यात नाही.

आणि आपल्याकडे तर बारकोडच नाही. आपल्या पाककृतीत सगळ्यात महत्त्वाची ओळ काय असते? 'मीठ चवीपुरतं.' डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर ती फील्डच रिकामी आहे. आमटीत किती मीठ, हे आमटी करणाऱ्या हाताला माहीत, डोक्याला नाही. त्यातून लोणचं, पापड, कुरडई, सांडगे, सुकट, फरसाण, खारवलेली मिरची. पापडात तर मिठाशिवाय पापडखार, तोही सोडियमच. ढोकळ्यातला खायचा सोडा, ॲसिडिटीवरची फसफसणारी पावडर, तीही सोडियम. पाव खारट लागत नाही म्हणून त्यात मीठ नसतं असं नाही.

इथे दोन गोष्टी जरा थांबून ऐका, कारण या फॉरवर्डमध्ये फिरतात. एक, सैंधव मीठ चालतं असं सांगितलं जातं. सैंधव हे जवळजवळ संपूर्ण सोडियम क्लोराइडच असतं, त्याने तहानेत फरक पडत नाही. दोन, बाजारातलं लो-सोडियम मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. डायलिसिसच्या पेशंटच्या रक्तात पोटॅशियम साठतं आणि वाढलं तर हृदय थांबू शकतं. धडधाकट माणसाला चालेल ते यांना घातक. घरात अशी पिशवी असेल तर आज बाजूला काढा.

मधुमेह असेल तर अजून एक: साखर वाढली की मीठ न खाताही तहान लागते. तेव्हा पाण्यावरून माणसाला बोलण्याआधी शुगर बघा.

तर मग ॲपने करायचं काय? इतकं वाचल्यावर मी मावशीसाठी जे बनवलं त्याला ॲप म्हणणंही जास्त होईल. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. दुधाचा हिशोब जिथे लिहितात त्याच चौकोनात ती गेली दोन वर्षं रोज सकाळचं वजन लिहिते. नर्सने एकदा सांगितलं होतं, तिने ते धरून ठेवलं. तोच काटा, उठल्यावर, चहाआधी, साधारण तसेच कपडे. मी त्या चौकोनांचे फोटो काढून आकडे एका शीटमध्ये घातले. मग फोनवर तीनच गोष्टी ठेवल्या. सकाळचं वजन बोलून सांगायचं, मराठीत, 'त्रेपन्न पॉइंट चार'. मग स्क्रीनवर एक वाक्य येतं: ड्राय वेटपेक्षा इतकं वर, सोमवारपर्यंत इतकी जागा शिल्लक. आणि काल खारट काही झालं का, याला हो किंवा नाही. पाण्याचा ग्लास त्यात नाही. तिला डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा दिलेली आहे, ती ती एका ठरलेल्या बाटलीने पाळते, त्यासाठी फोनची गरज नाही. ज्यांना अजून लघवी होते त्यांची मर्यादा वेगळी असते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

दोन वर्षांचे आकडे ओळीने लावल्यावर जे दिसलं ते मला सर्वात उपयोगी वाटलं. मे महिन्यातल्या उकाड्यात वजन वाढेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मोठे उंचवटे मेमध्ये नव्हतेच. ते होते लग्नसराईत, पापड-कुरडया घालायच्या दिवसांत (चव बघावी लागते ना!), दिवाळीच्या फराळात आणि माहेरी जाऊन आल्यावर. एका बाईच्या आकड्यांवरून जगाबद्दल काही सिद्ध होत नाही. पण घरात भांडण बदललं. आधी मामा म्हणायचे, 'ताई, पाणी किती पितेस!' आता घरातल्या सगळ्यांची आमटी कमी मिठाची होते आणि ज्याला हवं तो ताटात वरून घेतो. वरून घेतलेलं मीठ दिसतं, मोजता येतं. मामा पहिले पंधरा दिवस अळणी जेवण म्हणून कुरकुरले. मग जिभेला सवय झाली. असं म्हणतात की काही आठवड्यांत होतेच, आमच्याकडे झाली.

ती शीट मावशीने छापून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी दोन गोष्टी केल्या. गुरुवार ते सोमवारच्या अंतरातली वाढ बघून सोमवारचं डायलिसिस चारऐवजी साडेचार तासांचं केलं. त्या अर्ध्या तासाने ५२ किलोच्या माणसासाठी मर्यादा २.७ वरून तीन लिटरच्या थोडी वर जाते. आणि मशीनमधलं सोडियम किती लावलंय हे तपासायला टेक्निशियनला सांगितलं. तिसरी सिटिंग सुरू करायची का, यावर बोलणं चालू आहे. खुर्ची रिकामी आहे का, बुधवारी की शनिवारी, आणि सोबत कोण जाणार, यावर ते अडकलंय.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी डायलिसिस चालू असेल तर यातलं काहीही बदलायच्या आधी तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा, विशेषतः मीठ, पोटॅशियम आणि ड्राय वेटबद्दल. ड्राय वेट कायमचं नसतं. माणूस खरोखर जाड किंवा बारीक झाला की ते बदलायला लागतं, म्हणून जुन्या आकड्यावर शीट चालू ठेवू नका. शीटचा रिकामा नमुना हवा असेल तर व्हॉट्सॲपवर 'वजन' एवढंच पाठवा, मी पाठवतो. पुढच्या भागात सिॲटलच्या त्या कमिटीबद्दल बोलू.